चांदीचा दिवा परत करण्याबाबत

तीर्थरूप मावशीस साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून घातला आहे. तो साष्टांग धरायचा की नाही हे तूच ठरव. माझ्या मते निम्माच धरावा.) तुझे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदू निघाला आणि तू पुन्हा रोज पोथी उघडतेस, हे ऐकून फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर आधी हेवा वाटला, मग बरं वाटलं.

आईची पोथी तिच्यामागे तुझ्याकडे आली हे योग्यच झालं. (मीच दिली, तक्रार नाही.) पण तिच्यासारखं आपणही रोज थोडा वेळ देवापुढे बसावं, असं ती गेल्यापासून सारखं मनात येत होतं. शेवटी सकाळचा अर्धा तास त्यासाठी राखला आणि तिथेच पहिली चूक केली. हा निश्चय मी कुटुंबाच्या ग्रुपवर जाहीर केला. हेतू एवढाच, की त्या वेळात कोणी त्रास देऊ नये. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळात अभिनंदनं आली, जोडलेले हात आले आणि धाकट्या काकांचा बद्धकोष्ठावरचा लांबलचक मजकूर आला. (लवकर उठण्याशी त्याचा निकटचा संबंध आहे, असं त्यांचं म्हणणं.) उत्तर दिलं नाही तर माणूस शिष्ट ठरतो, म्हणून प्रत्येकाला दिलं. देव थांबला. त्याला सवय असावी.

मग पोथीच फोनमध्ये घेतली. त्यात एक बाई अतिशय गोड आवाजात वाचतात, आपण नुसतं ऐकायचं; अध्याय संपला की पडद्यावर शाबासकी येते. माझं काम तुला ठाऊक आहे. दिवसभर दुकानादुकानांतून हिंडायचं, तराजू तपासायचे, काट्यात खोट सापडली की सील ठोकायचं. असा माणूस स्वतःचं माप कसं सोडेल? एकदा मी अंघोळीला गेलो आणि अध्याय बाहेर चालूच राहिला. तो ऐकला फक्त खुर्चीवर वाळत टाकलेल्या टॉवेलने. बाहेर येऊन बघतो तर पडद्यावर मला 'चांदीचा दिवा' मिळालेला! घास गोड लागेना. शेवटी त्या कंपनीला रीतसर कळवलं, की सदर अध्याय टॉवेलने ऐकला असून दिवा परत घ्यावा. शिवाय आधीच्या अध्यायांतही मी बराच वेळ गळक्या नळाचा विचार करत होतो, तेवढी कपात व्हावी. उत्तर आलं, की आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. पाठोपाठ सोन्याचा दिवा आला. (नुकसानभरपाई.)

आमची ही, म्हणजे तुझी सूनबाई, म्हणाली, "लोक देवाकडे मागून मागून थकतात, आणि तुम्ही आलेलं परत करायला निघालात! घ्या की मुकाट्याने."

मी म्हटलं, "अगं, खोटं माप आहे ते."

"मग ठोका सील. तोंडाला."

सील ठोकलं. पण मावशी, गप्प बसून ऐकायला लागलो तेव्हा वाटलं, खोट भलतीकडेच आहे. त्या बाई कधी अडखळत नाहीत, खोकत नाहीत, पान सापडेना म्हणून चरफडत नाहीत. आई कशी वाचायची आठवतं? एक बोट ओळीवर आणि अर्धा जीव स्वयंपाकघरात. देव आता भक्ताला हाक मारणार, आपण श्वास धरून बसलेलो, आणि तेवढ्यात, "दूध बघ रे!" मी धावायचो, गॅस बारीक करायचो. परत येईपर्यंत ती बोट न हलवता थांबलेली असायची. "हं, कुठे होतो आपण?" म्हणायची आणि देव राहिलेली हाक पुरी करायचा. आजही त्या बाई त्या ओळीशी आल्या की मी खुर्चीच्या कडेवर सरकतो. ओळ सरळ निघून जाते. मला कोणी दुधाकडे पाठवत नाही.

इतके दिवस मी समजत होतो, की आईचं मन लागायचं आणि माझं उडतं. आता वाटतं, उडायचं तिचंही. पण बोट तिथेच असायचं. (रोजनिशीत मी याला 'अनुमान' म्हटलं आहे, 'निष्कर्ष' नाही.) माझं बोट मात्र सारखं पडद्यावरून सरकत असतं.

असो. हे लिहिताना फोन पालथा ठेवला होता. एकदाच उलटून पाहिला. (दोनदा.) तब्येतीला जप.

तुझा,
वजनात कमी भरलेला भाचा

ता. क. पत्र काही नुसतं खुशाली विचारायला लिहिलेलं नाही. सकाळी पोथीला बसशील तेव्हा मला फोन लावून शेजारी नुसता ठेवून देशील का? माझ्याशी बोलू नकोस, मुद्दाम सावकाश वाचू नकोस, चष्मा शोधायचा तर खुशाल शोध. तुझा आवाज आईसारखा आहे असं सगळे म्हणतात. मी आजवर हो म्हटलं नाही, कारण तपासून बघायचा धीर नव्हता.

आणखी एक. दूध त्याच वेळी तापत ठेवत जा. "बघ रे" म्हणालीस तर मी इथे उठून गॅसपाशी जाईन आणि परत येईन. तोवर बोट हलवू नकोस.