उरलेली माळ

मेडनहेड, गुरुवार, दसरा

आज खोटं बोलले. गाडीची पूजा झाल्यावर झेंडूची एक माळ उरली, ती गॅरेजच्या भिंतीतल्या जुन्या लोखंडी कड्यात अडकवली. शेजारचे टॉम, ऐंशीच्या पुढचे, बघून थांबलेच. आमचं गॅरेज म्हणजे त्यांच्या आजोबांचा तबेला. त्या कड्याला घोडे बांधायचे, तिथून ते भाड्याने जायचे. पहिल्या महायुद्धात आर्मीने घोडे, खेचरं सगळी नेली, एकही परत आलं नाही.

“त्यांच्यासाठी फुलं?” टॉमनी विचारलं. डोळे भरलेले.

मी “हो” म्हणाले. काय सांगणार, गाडीची उरलेली माळ म्हणून?

ते गेल्यावर मला चैन पडेना. शेवटी परत गेले, त्या कड्याला हळदकुंकू लावलं, खाली साखर ठेवली. मग आठवलं, घोड्यांना गूळ आवडतो. घरात जाऊन तोही आणला.