अक्का, त्या गोळ्या मी निवडल्या होत्या

प्रिय अक्का,

काल तुझं तेरावं झालं. पंगती उठल्यावर ओसरीवर चारचौघं बसले होते, तुझ्याच गोष्टी चालल्या होत्या. तुझे चुलतदीर म्हणाले, बाई हिमतीची खरी, पण हट्टी. धुळ्याच्या दुकानदाराचं ऐकलं असतं तर गंगूचा पाय वाचला असता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभा होतो आणि मी काही बोललो नाही.

बारा वर्षांत ही दुसरी वेळ. म्हणून लिहायला बसलोय. तुला पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवायचं हे ठाऊक नसताना!

दाजी गेले तेव्हा तू पस्तिशीची होतीस. रावेरच्या बाहेर मळ्यातलं घर, घरात तू आणि तुझ्या थकलेल्या सासूबाई. केळीच्या बागेवर दिवसभर माणसं असायची, पण घराशी कोणी नसायचं. आजूबाजूच्या दोन मळ्यांत चोऱ्या झाल्या आणि तू ठरवलंस की दाजींचं ते लहानसं रिव्हॉल्वर आपल्या नावावर करून घ्यायचं. किती वेळा जळगावला कलेक्टर कचेरीत गेलीस! तिथले लोक हसायचे म्हणे. शेवटी परवाना मिळाला, पण दाजींच्या गोळ्या जुन्या झाल्या होत्या, पितळेवर हिरवट गंज चढला होता. नव्या घ्यायला हव्या होत्या.

मग तुला माझी आठवण झाली. मी वरणगावच्या काडतुसांच्या कारखान्यात होतो ना! कारखाना नवा निघालेला, आणि सगळ्या नातेवाइकांना वाटायचं की मी दारूगोळ्यातला मोठा जाणकार. अक्का, माझं काम खोकी मोजायचं आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं होतं. उभ्या आयुष्यात मी एक गोळी झाडलेली नव्हती. पण हे तुला मी कधी सांगितलं नाही. तुझ्या डोळ्यांतलं कौतुक मला फार आवडायचं.

जळगावला त्या मापाच्या मिळाल्या नाहीत म्हणून आपण एस.टी.नं धुळ्याला गेलो. दुकानदार म्हातारे होते, तुला बसायला खुर्ची दिली त्यांनी. दोन तऱ्हा समोर ठेवल्या. एक साधी, उघड्या शिशाची. दुसरी परदेशी, शिशावर तांब्याचं कवच चढवलेली, चकचकीत. म्हातारबांनी शिशाची पुढं सरकवली.

"बाई, घरात वापरायची ना? मग ही घ्या. ही लागते आणि बहुधा आतच थांबते. कवचाची माणसातून पार जाते, आणि त्याच्या मागं कोण उभं आहे ते आपल्याला दिसत नसतं."

तू ती शिशाची गोळी तळहातावर घेऊन पाहिलीस. मला अजून तो हात दिसतो, आई गेल्यावर मला घासून अंघोळ घालणारा. म्हणालीस, मला हीच बरी वाटते.

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, एवढ्याशा हत्याराला जोर तो कितीसा, हिवाळ्यात चोर घोंगडी पांघरून आला तर शिशाची गोळी घोंगडीतच अडकेल. कारखान्याच्या कँटीनमध्ये कोणीतरी चहा पिता पिता ते बोललं होतं. माझं ज्ञान तेवढंच. तू अजून ती गोळी खाली ठेवत नव्हतीस, तेव्हा त्या परक्या माणसासमोर मी तुला म्हणालो, "अक्का, यातलं तुला काय कळतं?"

तू गोळी खाली ठेवलीस. म्हातारबांनी निमूटपणे चकचकीत गोळ्या परवान्यावर नोंदवून दिल्या.

त्याच वर्षीच्या मार्गशीर्षातली ती दुपार. माणसं बागेत घड कापून ट्रक भरत होती. दोघंजण पाणी मागायला आले आणि एकानं सासूबाईंच्या गळ्यातल्या पोतीला हात घातला. म्हातारीनं आरडाओरडा केला. दुसरा कोयता घेऊन तुझ्यावर आला तेव्हा तू कपाटातून रिव्हॉल्वर काढलंस आणि एकच गोळी झाडलीस. ती त्याच्या मांडीच्या मांसातून पार झाली, मागच्या दाराच्या पातळ फळीतून गेली, आणि दाराबाहेर म्हातारीची हाक ऐकून धावत आलेल्या गंगूच्या गुडघ्यात शिरली. तुझ्याच बागेत कामाला येणारी गंगू. तुला वाचवायला धावली होती ती.

चोर पळाले. तू रिव्हॉल्वर जमिनीवर टाकून गंगूचा पाय मांडीवर घेऊन बसलीस, असं सासूबाई सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. मीही वरणगावहून आलो होतो. त्यांनी उरलेल्यांतली एक गोळी हातात फिरवत विचारलं, असली गोळी घरासाठी घ्यायला कोणी सांगितली? विचारताना ते माझ्याकडं बघत होते. माझी नोकरी नुकतीच पक्की झाली होती. कारखान्यापर्यंत गोष्ट गेली तर काय, एवढंच माझ्या डोक्यात. तू माझ्याकडं वळूनही पाहिलं नाहीस.

"मीच पसंत केल्या," तू म्हणालीस. "दुकानदार नको म्हणत होते. मी ऐकलं नाही."

मी बशीतल्या चहाकडं बघत राहिलो.

तुझ्यावर खटला झाला नाही. रिव्हॉल्वर तू पोलीस ठाण्यात जमा केलंस ते पुन्हा आणलं नाहीस. दवाखान्यातून गंगू ताठलेला पाय घेऊन आली, तिला तू घरीच ठेवून घेतलंस. रोज तिचं ताट तू स्वतः वाढायचीस. ती मान वर करून तुझ्याकडं कधी बघायची नाही. मला वाटायचं, तिचा स्वभावच तसा.

अक्का, का पांघरूण घातलंस माझ्यावर? एकदा तरी मला बाजूला घेऊन चार शब्द सुनावायचे होतेस! मागच्या वर्षी तुझ्या खाटेपाशी बसून मी विषय काढला होता, आठवतं? "अक्का, त्या धुळ्याच्या..." एवढंच म्हणालो. तू म्हणालीस, कोठीतली केळी पिकायला आलीत, जाताना पोरांना घेऊन जा. आणि मी केळी घेऊन गेलो. सुटल्यासारखं वाटलं मला तेव्हा. याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

आज सकाळी मी गंगूकडं गेलो. ती परसातल्या पायरीवर पाय लांब करून बसली होती. मी खाली बसून सगळं सांगितलं. दुकान, दोन तऱ्हा, तुझ्या तळहातावरची शिशाची गोळी, माझं बोलणं, फौजदार. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. किंवा म्हणेल, जाऊ द्या भाऊ, झालं ते झालं. खरं सांगू? मनातून मला तेच ऐकायचं होतं.

तिनं लुगडं ताठलेल्या गुडघ्यावर ओढून घेतलं. मग म्हणाली, "मंग इतके वर्सं मी अक्काच्या हातचं खाऊन तिलेच मनातून बोल लावत र्‍हायली. त्याचं मी आता काय करू, भाऊ?"

ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली. मला वाटायचं मी गप्प राहून फक्त माझी नोकरी वाचवली. तुमच्या दोघींमधली बारा वर्षं मी नासवली, हे मला आज कळलं.

येत्या रविवारी तुझ्या चुलतदिरांना आणि काल ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना परत बोलावलंय. गंगूची इच्छा असेल तर तीही बसेल. सगळ्यांसमोर मी माझ्या तोंडानं सांगणार आहे, गोळ्या कोणी निवडल्या आणि गप्प कोण बसलं. हा शब्द तुला देतो. मी मोडला तर विचारायला तू नाहीस, हे ठाऊक असून देतो.

तुला हे आवडणार नाही. तर मग रागाव, अक्का. बारा वर्षं तुझा तो राग मला मिळायचा राहून गेलाय.

तुझा धाकटा,
मधू