शंभरात अडतीस जादा दात

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०
या महिन्यात निबंध लिहायचा म्हणजे लिहायचाच. प्राचार्यांनी नोटीस लावली आहे. प्राध्यापकाची एक जागा रिकामी होतेय आणि त्यासाठी नावावर किमान एक संशोधन हवं. दातांच्या या कॉलेजात मला एकोणीस वर्षं झाली. संशोधन शून्य. आमच्याच एक्स-रे विभागातली बिनचूक (तिचं हे नाव मीच ठेवलं, तिला माहीत नाही) येऊन सात वर्षं झाली, तिचे चार निबंध. माझ्या साडूचे एक्केचाळीस. टोळाच्या मागच्या पायांवर. एवढे पाय टोळाला तरी आहेत का?
विषय सोपा हवा. मोजण्याचा. जन्मजात वेडेवाकडे, जादा किंवा कमी दात किती लोकांना असतात, ते मोजायचं. मोजता मला येतं.
चहाला जाऊन आलो. उद्यापासून सुरुवात.

४ फेब्रुवारी, मंगळवार
हजार माणसं तपासायची ठरवली. सात झाली. पहिले गृहस्थ ठणकती दाढ घेऊन आले होते. आधी सगळे दात मोजू द्या म्हटल्यावर ते जे बोलले ते संशोधनात घेता येणार नाही. सातही जणांचे दात अगदी सरळमार्गी. एकही जादा नाही, एकही वाकडा नाही.
लोकांना आ करायला लावणं हे संशोधन नव्हे, मजुरी आहे. दुसरा मार्ग शोधला पाहिजे.

६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १२.१५
आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. विभागाच्या मागच्या खोलीत कपाट नंबर तीन आहे. आत चारशे सहा फिल्म, प्रत्येकीवर अख्खा जबडा, प्रत्येक फिल्म आपापल्या पाकिटात. आयत्या. माणूस बोलावणं नाही, आ करवणं नाही, थुंकी नाही.
एक्स-रे काढणारे मामा फडकं घेऊन आत आले आणि म्हणाले की सर, त्या कपाटात मॅडमनी. मी त्यांना तिथेच थांबवलं. संशोधक कामात असताना मध्ये बोलू नये, एवढं बावीस वर्षांच्या नोकरीत माणसाला कळायला हवं. मामा गेले.
मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर रजेवर आहेत. परत येतील तेव्हा थक्क होतील.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: तपासणाऱ्याला आधीचं निदान माहीत असता कामा नये, नाहीतर मन कलुषित होतं. आणि इथे प्रत्येक पाकिटावर मॅडमच्या अक्षरात नाव, वय आणि लाल शाईत काहीतरी शेरा. म्हणून डोळे अर्धवट मिटून सगळ्या फिल्म बाहेर काढल्या. पाकिटं दोन गोण्यांत भरून फेकायला बाहेर ठेवली. फिल्मच्या कोपऱ्यावरही नाव-नंबर होते, ते कात्रीने कापले. चारशे सहा कोपरे. अंगठ्याला फोड आला. पण पूर्वग्रह आता औषधालाही उरला नाही.
मामा दारात उभे होते. तोंड उघडलं, मिटलं. (वरची उजवी दाढ नाही. नोंद घेतली.) मग विचारलं की मॅडमना ठाऊक आहे का. सरप्राइज आहे म्हटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
घाईत लिहितोय म्हणून अक्षर असं.
पहिल्या पन्नास फिल्ममध्ये एकोणीस जणांना जादा दात. पुस्तक सांगतं शंभरात दोन-तीन. इथे शंभरात अडतीस. पुस्तक चुकलंय. जगभर हेच पुस्तक शिकवतात, कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.
दोन चहा घेतले.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आणखी शंभर पाहिल्या. पटाशीच्या दातांमध्ये घुसलेला तिसराच दात. खिळ्यासारखे टोकदार दात. एकमेकांना चिकटलेले जोडदात. एक सुळा तर उलटा फिरून नाकाकडे निघालाय. दीडशेत फक्त चौदा जबडे साधे, बत्तिशी जागच्या जागी. त्या चौदांचा मला संशय येतो. फिल्म धुताना काही गडबड झाली असावी. मोजणीत धरल्या, पण मनातून वगळल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
कारण सापडलं. इथली माणसं बोलतात फार. जबड्याला व्यायाम होतो, त्यामुळे दात जास्त फुटतात. निबंधात यावर स्वतंत्र प्रकरण टाकणार.
बायकोला सांगितलं. तिने जिभेने स्वतःचे दात मोजले आणि अठ्ठावीस म्हणाली. मी म्हटलं, बघ, चारही अक्कलदाढा नाहीत, म्हणजे तूसुद्धा माझ्या आकडेवारीत बसतेस. ती म्हणाली की अक्कलदाढ सगळ्यांनाच येते असं नाही, आणि आली म्हणजे अक्कल येते असंही नाही. मला चारही आहेत. विषय बदलला.

१६ फेब्रुवारी, रविवार
साडूकडे जेवण. प्रत्यक्ष पडताळणीची संधी. टेबलाभोवती अकरा माणसं. दात दिसायचे तर हसवायला हवं, म्हणून ओळीने चार विनोद सांगितले. कुणी ओठ विलग केला नाही. मग साडूने टोळावरचा एक भिकार विनोद सांगितला आणि सगळे खो खो हसले. मी चमचा उचलायच्या निमित्ताने खाली वाकलो आणि खालून मोजून घेतलं. अपेक्षित जादा दात: चार. सापडले: शून्य. सासूबाईंची कवळी आहे, सगळे दात एका रांगेत, त्यांना बाद केलं.
घाबरण्याचं कारण नाही. हे सगळे एकाच घरातले. आणि सासरची मंडळी पहिल्यापासून प्रत्येक बाबतीत मागेच.
साडूने विचारलं की फिल्म कुठून आणल्या. कपाटातून, म्हटलं. ते कपाट कुणी भरलं, कसं भरलं, हेही विचारलं. टोळवाल्यांना काय सांगणार? कपाटं आपोआप भरतात. आमच्या घरातलं भरलंच आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार
मामा पुन्हा आले. मॅडमनी ते कपाट, एवढंच म्हणाले. मी हात वर केला. एकशे ब्याण्णवावर होतो, आकडा चुकला असता.

२४ फेब्रुवारी, सोमवार
संपलं. चारशे सहापैकी एकशे पंचावन्न. अडतीस पूर्णांक दोन टक्के. शुक्रवारी सगळ्या विभागासमोर आणि प्राचार्यांसमोर वाचायचं ठरलं. मॅडम गुरुवारी रुजू होत आहेत.
दारावरच्या पाटीवर नावाआधी ‘प्राध्यापक’ लिहिलं की अक्षरं बारीक करावी लागतील. पाटी मोठी मागवावी हे बरं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ४
चहाच्या वेळी बिनचूक, कुणी विचारलं नसताना, म्हणाली की अडतीस टक्के म्हणजे तिघांत एकाहून जास्त. आपण इथे नऊ जण आहोत, तर ते तीन-चार कोण? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. ग्रंथपालांनी बिस्किटासकट तोंड मिटलं.
मी म्हटलं की दात हाडात लपलेले असू शकतात. मग आपले एक्स-रे काढू, म्हणाली. विनाकारण एक्स-रे काढणं नियमात बसत नाही आणि नियम मला प्राणाहून प्रिय आहेत. शेवटी हसतील त्याचे दात दिसतील. मोजून ठेवीन.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
लिहावं की नाही, विचार करत बसलो होतो. लिहितो.
सकाळी अकरा वाजता सुरुवात केली. मॅडम पहिल्या रांगेत, आजी झाल्याच्या आनंदात. सातवी स्लाइड, नाकाकडे निघालेला सुळा. मॅडमचा चेहरा एकदम खुलला. नात्यातलं कुणी भेटावं तशा म्हणाल्या की हा तर आपला सुतार, तीनदा विनवण्या केल्या तेव्हा फिल्म काढू दिली. पुढची स्लाइड. या दोघी बहिणी, म्हणाल्या. त्याच्या पुढची. हा तो तबेलेवाला. मला आनंदच झाला. वरिष्ठांचा एवढा पाठिंबा मला एकोणीस वर्षांत मिळाला नव्हता.
मग त्यांनी विचारलं की या फिल्म कुठे मिळाल्या. मी म्हटलं, कपाट नंबर तीन.
प्राचार्यांनी विचारलं की हे कपाट कसलं. मॅडम हळू आवाजात सांगू लागल्या. बावीस वर्षांत विभागात हजारो फिल्म निघाल्या. त्यातली एखादी चमत्कारिक दिसली की त्या ती विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून त्या कपाटात ठेवत. साध्या जबड्याला तिथे प्रवेश नाही. चौदा साधे तेवढे तुलनेसाठी ठेवले आहेत.
म्हणजे मी लग्नाच्या हॉलमध्ये उभा राहून शहरात किती नवरदेव आहेत ते मोजलं होतं.
कुणी हसलं नाही. बिनचूकसुद्धा नाही. ती खाली बघत होती, ते जास्त लागलं.
मॅडमनी विचारलं की पाकिटं कुठे आहेत. गोण्यांत भरून फेकायला ठेवली, म्हटलं. आणि कोपऱ्यावरची नावं? कापली, म्हटलं, तपासणाऱ्याला काहीच दिसू नये म्हणून. मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाल्या की तेवढं मात्र तुम्हाला पूर्ण साधलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मे महिन्यात त्या निवृत्त होतायत. बावीस वर्षांचा संग्रह आणि आता कुठला दात कुणाचा, पत्ता नाही.
मला लाज वाटली. खरीखुरी. जेवण गेलं नाही.

१ मार्च, शनिवार
पोट बिघडलं म्हणून रजा टाकली. बायकोने पोटाला काय झालं विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. हसली नाही. सोमवारी जाऊन त्या बाईंची माफी मागा म्हणाली, पण आधी मामांची. मामांची कशाला, असं मी विचारलं. तिने विचारलं की तुम्हाला सांगायला किती वेळा आले ते. रोजनिशी चाळली. दोनदा. आणि एकदा दारात उभं राहून मॅडमना ठाऊक आहे का विचारलं होतं, तेही धरायला हवं.

३ मार्च, सोमवार
मामांची माफी मागितली. मॅडमचीही. मॅडम हो म्हणाल्या आणि कामाला लागा म्हणाल्या.
मामांनी गोण्या फेकल्याच नव्हत्या. एक्स-रेच्या टेबलाखाली ठेवल्या होत्या. मी कापलेले कोपरेही झाडून बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवले होते, चारशे सहाच्या चारशे सहा. माझी कात्री इतकी वाकडी चालते की प्रत्येक तुकडा एकाच फिल्मला बसतो, दुसरीला बसत नाही. पद्धतशीर माणसाने सरळ कापले असते तर संपलंच होतं. हे मी मॅडमच्या कानावर घातलं. त्यांनी बिस्किटाचा डबा माझ्यापुढे सरकवला.

७ मार्च, शुक्रवार
दोनशे अठ्ठेचाळीस जुळवले. मामांना तुकडा लागतच नाही. फिल्म उजेडासमोर धरतात आणि म्हणतात की ही शाळेतली गाणं शिकवणारी, ही बेकरीवाल्याची सून, हा पोस्टमन, याला एक्स-रेच्या आवाजाची भीती वाटत होती. सगळ्या त्यांनीच काढलेल्या. मी तुकडा लावून बघतो. दर वेळी बरोबर निघतं. माझं काम म्हणजे मामांची परीक्षा घेणं असं मी समजून चाललो होतो. दीडशेनंतर ती समजूत सोडून दिली.

१२ मार्च, बुधवार
पूर्ण. चारशे सहा. मॅडमनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मामांकडे दिली.
निघताना मामा सहज म्हणाले की रोजच्या फिल्मची वही ते पहिल्यापासून ठेवतात. बावीस वर्षांत एकावन्न हजार दोनशे. आणि जादा दात दिसला की समासात टिंब. मॅडमना आवडला तो कपाटात, नाही आवडला तर नुसतं टिंब. बिनचूक दारातून चालली होती. तिथेच थबकली. वह्या कुठे आहेत, विचारलं.
मीही विचारणारच होतो.

२ एप्रिल, बुधवार
बिनचूकने टिंबं मोजली, मामांनी दोनदा तपासली. अकराशे सव्वीस. शंभरात दोन पूर्णांक दोन. पुस्तकात लिहिलंय तेवढंच. म्हणजे इथली माणसं जगातल्या इतर माणसांसारखीच आहेत. एवढं मोठं सत्य शोधायला बिनचूकला पंधरा दिवस लागले. मला चुकीचं उत्तर काढायला अठरा दिवस लागले होते, पण मोठ्या टक्क्यांना वेळ लागतोच.

४ सप्टेंबर, गुरुवार
निबंध छापून आला. पहिलं नाव बिनचूकचं, दुसरं मामांचं, तिसरं मॅडमचं. माझं आभारात. शेवटच्या ओळीत, वीज दुरुस्त करणाऱ्याच्या नंतर: कपाट क्रमांक तीनमधील पाकिटे पुन्हा लावण्यास साहाय्य केल्याबद्दल.
बिनचूक आता प्राध्यापक. पाटी नेहमीच्याच मापाची पुरली.

१५ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६.३०
आज परिषदेत निबंध वाचला गेला. बिनचूक म्हणाली की ज्याने बावीस वर्षं टिंबं काढली त्याने बोलावं, म्हणून मामा बोलायला उभे. सभागृहात दोनशे दंतवैद्य. स्लाइड बदलायला माणूस हवा होता, मामांनी माझं नाव सुचवलं. मान हलवली की बटण दाबा, एवढंच सांगितलं. आठवडाभर सराव केला.
कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नव्हतं. पण बोलताना मामांची नजर सारखी माझ्याकडे होती. मी नसतो तर निबंध पहिल्याच स्लाइडवर अडकला असता, हे कुणी लक्षात घेत नाही. नवव्या स्लाइडला मामांना शिंक आली, मान हलली, मी दाबलं. त्यावर मामा माइकवरून शांतपणे म्हणाले की सर, एक मागे.
म्हणजे एवढ्या मोठ्या परिषदेत, दोनशे लोकांसमोर, व्यासपीठावरून माझा उल्लेख झाला. साडूला कळवलं.