पाऊण बादली

ता. ३

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आमच्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात मी एक शोध लावला आहे. मालक त्याला घोडचूक म्हणतात. नव्या बादलीचं चित्र कागदावर मावावं म्हणून पाऊण मापात काढलेलं होतं. मी चित्रावरच पट्टी ठेवली आणि साचा तेवढाच केला. कोपऱ्यात तसं लिहिलंही होतं, पण कोपरे वाचायची आपल्या घराण्यात रीत नाही. बादली मात्र दृष्ट लागावी अशी झाली आहे.

महिनाअखेरपर्यंत काही निघालं नाही, तर साचा भंगारात आणि मी घरी. पेटंटचे अर्ज तूच तपासतेस, तेव्हा भावासाठी एवढं कर.

लोभ आहेच, त्याचं माप कमी करू नये.
तुझा,
धाकटा

ता. ८

चि. धाकट्यास,
अ. आ. असे अर्ज रोज येतात. कुणाचा चमचा मोठा, कुणाची शिडी छोटी. माझा शेरा ठरलेला: नुसतं माप बदललं, शोध नव्हे. माप बदलल्यामुळे धंद्यातल्या जाणत्याच्याही ध्यानीमनी नसलेलं काही घडलं, तरच विचार होतो. बादली हलकी झाली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शिवाय भावाचा अर्ज मला तपासता येत नाही.

दुसरं काम बघ. आईला इतक्यात सांगू नकोस. रागावलास तरी पत्र लिहीत जा.
ताई

ता. १३

ती. ताईस,
सा. न. ध्यानीमनी नसलेलं घडलं. नमुन्याची एक बादली घरी आणली होती. पडल्यापासून आईला भरली बादली उचलवत नाही. दोन वर्षं ती आंघोळीआधी मला हाक मारते आणि ओशाळते, हे तुला कळवलं नव्हतं. काल तिने दोन खेपांत पाणी स्वतः नेलं, आतून कडी लावली आणि तासभर बाहेर आली नाही. मी धंद्यातला जाणता, पण मलाही हे अपेक्षित नव्हतं. हवी तर आईची सही पाठवतो.

माया असू दे, शेरा बदल.
धाकटा

ता. १८

चि. धाकट्यास,
अ. आ. पत्र ऑफिसातच वाचलं आणि रडले. शिपायाने पाणी आणून दिलं. शेरा मात्र तोच. पाणी कमी, म्हणून वजन कमी, म्हणून उचलली. शोध नव्हे.

आता पुढचं मालकांना वाचून दाखव. शोध नाही, म्हणून यावर कुणाचा हक्क नाही. उद्या कोणीही अशी बादली काढील. पण साचा करायला महिने जातात, आणि तयार साचा तुमच्याकडेच आहे. भरली बादली न उचलवणाऱ्या आया घरोघरी आहेत.

आईची कडी बाहेरूनही उघडेल अशी करून घे. तिला नमस्कार, तुला धपाटा.
ताई

ता. २४

ती. ताईस,
सा. न. मालकांनी पत्र दोनदा वाचलं आणि साचा भंगारात काढायचा बेत सोडला. एक तारखेनंतरही कामावर येत राहा म्हणाले. पुढची चूक मात्र आधी विचारून करायची, अशी अट घातली आहे.
धाकटा