तळघरातली उदबत्ती

शनिवार, संध्याकाळ. त्सुकुबा, जपान.

निखिलने, माझ्या नवऱ्याने, आज मला हातोडा फेकून मारला. माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या भिंतीचा टवका उडाला.

कशावरून? तळघरात बसवायच्या लाकडाच्या स्टोव्हच्या धुराड्यावरून! त्याला पाइप तिथल्या छोट्या खिडकीतून आडवाच बाहेर काढायचाय. मी म्हणत होते, छपराच्या वर ने, नाहीतर धूर उलटा घरात येईल. ऐकेना. म्हणून मी त्या खिडकीच्या फटीत उदबत्ती धरली. वर स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा जोरात चालू होता, फोडणीचा वास त्याच्या ऑफिसच्या कपड्यांना लागू नये म्हणून. आणि वरच्या सगळ्या खिडक्या बंद. आवाज चढायला लागला की हा आधी घरभर फिरून खिडक्या लावतो, शेजारच्या सातो-सानना ऐकू जायला नको!

पंख्याने बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी त्या फटीतूनच हवा आत ओढली जात होती; उदबत्तीचा धूर सरळ आत वळला.

"बघ," मी म्हणाले, "मीरा इथे खेळणार आहे."

तेव्हा हातोडा आला. आणि वरून म्हणतो, "तूच मला हे करायला लावतेस."

आमची लेक मीरा जिन्यात उभी होती. "यामेते," म्हणाली. जपानीत, थांबा. एवढंच.

मी वर गेले आणि एकेक खिडकी सताड उघडली. तो मूठ उगारून मागे आला. "लाव आधी! ऐकू जाईल."

"जाऊ दे!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

सातो-सानच्या दारातला दिवा लागला. निखिलचा हात खाली आला.

इतकी वर्षं मी त्याला खिडक्या का लावू दिल्या?

खिडक्या अजून उघड्याच आहेत. थंडी वाजतेय. वाजू दे.