बटव्यातले तीन फ्यूज

प्रिय हर्षाली,

तुला आजीचे पोटभर आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोन केला की तू "हो" म्हणतेस, "बरं" म्हणतेस, आणि मी जरा मुद्द्याचं बोलायला लागले की "आजी, आवाज तुटतोय गं" म्हणून ठेवून देतेस. म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. चौथीपर्यंतची माझी शाळा, काना-मात्रा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घे. पप्पांच्या हाताखालचा नाथाकाका तुमच्या पॅकहाऊसला खोकी घेऊन येतो, त्याच्याच हाती देते. तर बातमी अशी की आपलं बँडसॉ मशीन उभं राहिलं! तेच, मागच्या शेडमधलं, पट्ट्याच्या करवतीचं. पार सुटं पडलेलं होतं, ते जोडून, पुसून सोमवारपासून नवरीसारखं तयार उभं आहे. फक्त सुरू केलेलं नाही. का नाही ते सांगते, पण माझं तुला ठाऊकच आहे, मला अंबडहून सातपूरला जायचं असलं तरी मी देवळालीवरून जाणार.

त्या मशीनने तुझ्या पप्पांची दोन बोटं नेली, त्यानंतर हे घर कसं झालं ते तू पाहिलं नाहीस. पट्ट्या सुटायच्या आधीच तू पिंपळगावला नोकरी धरलीस. तसं वाईट काही झालं नाही गं. काहीच झालं नाही. दत्तू सकाळी ओट्यावर बसायचा, उजवा हात मांडीखाली घालून. ऊन अंगावर आलं की खुर्ची सरकवायची, ऊन गेलं की परत होती तिथे. तुझी मम्मी कंपनीच्या कँटीनला जायची, यायची, पोळ्या लाटायची. एकदा मी आमटीत मीठ घालायला विसरले, तर तिघांनी जेवण उरकलं आणि कुणी मीठ मागितलं नाही. मला भांडी घासताना आठवलं. रडू येईल म्हणून मी वाट बघायचे. देवापुढे मुद्दाम बसले, तरी येईना. थंडीत टाकीच्या पाण्याने धुणं धुतल्यावर हात कसे होतात, विळी लागली तरी रक्त दिसल्यावरच कळतं, तसं आम्हा सगळ्यांचं झालेलं. मशीन तर दत्तूने दवाखान्यातून आल्यावर नाथाकडून खोलूनच टाकलं होतं. शेडच्या कोपऱ्यात ढीग, वर निळी ताडपत्री. तिकडे कुणी बघायचं नाही.

आता मांजरीचं ऐक. यंदा मी उडदाचे पापड घातले. कमळाबाई म्हणाली, खाणार कोण एवढे? मी म्हटलं, तू येतेस ना रोज चहाला, तूच खा. तर वाळवायला ताडपत्री पाहिजे म्हणून मी ती ओढली, आणि आतून फिस्स! आपली बोकी मांजर, जिला मी वर्षभर बोका समजत होते, ती मशीनच्या खालच्या पेटीत व्यालेली. चाकाच्या मागे तीन पिल्लं. मी ओरडले, "दत्तू, अरे मशीनच्या पोटात पिल्लं!" आणि काय सांगू, तो उठला. चप्पल न घालता शेडमध्ये आला. गुडघ्यावर बसला, पिल्लांकडे बघितलं, मग चाकावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "गंज चढला की गं आई." एवढंच. पण त्याने आपणहून काढलेलं बोलणं मी कितीतरी दिवसांनी ऐकलं. पिल्लं मी भुश्श्याच्या पाटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पापड बघायला जाते तर हा डाव्या हातात रॉकेलचा बोळा घेऊन चाक घासतोय.

डावा हात तो डावा. पाना निसटायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा निसटायचा. शेवटी त्याने पाना भिरकावला, तो माझ्या पापडांत येऊन पडला. तेवढ्यात तुझी मम्मी कँटीनहून आली. तिने पाना उचलला, पदराला पुसला आणि त्याच्यासमोर बसून म्हणाली, "कुठला नट?" तो म्हणाला, "वरचा." तिने फिरवला. "आता?" "त्याच्या शेजारचा." असं सुरू झालं बघ. तोंड त्याचं, हात तिचे. सरिता या घरात सून होऊन आली तेव्हापासून शेडमध्ये फक्त चहा द्यायला जायची, आणि आता बघावं तर बाईच्या कोपरापर्यंत ग्रीस.

पण चाकं बसवायची वेळ आली तेव्हा दत्तू म्हणाला, "थांबा सगळे." आधी मशीन बंद करायचं लाल बटण दाबलं. मशीनला वीज नव्हती, काही नव्हतं, तरी दाबलं आणि बोट त्यावर ठेवून किती वेळ उभा राहिला. मग भिंतीवरच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढला, पेटी उघडली, आतले तीन पांढरे चिनीमातीचे फ्यूज उपसून काढले आणि माझ्यापुढे आला. "आई, हात कर." मला वाटलं प्रसाद देतो की काय! म्हणाला, "मशीन उघडं आहे तोवर हे तुझ्याजवळ. कुणी मागितले तरी द्यायचे नाहीत, मी मागितले तरी नाही." मी बटव्यात टाकले, सुपारी-अडकित्त्याबरोबर. तेव्हापासून बटव्यात हात घातला की आधी तेच लागतात. एकदा कीर्तनात बसल्या बसल्या सुपारी समजून एक काढला आणि शेजारणीला दिला, तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "हे चघळायचं कसं?"

बांगड्यांचंही सांगते, नाहीतर तुला कमळाबाईकडून उलटंसुलटं कळेल. दत्तूने सरिताला सांगितलं, मशीनपुढे हातात काही नको, बांगडी नको, पदर लोंबता नको, केस बांधून. सरिता माझ्याकडे बघायला लागली. हिरवा चुडा, नवरा समोर बसलेला, आणि हात मोकळे करायचे. मला एकदम कसंतरी झालं, खोटं कशाला बोलू. पण मग दत्तूचा हात दिसला. मी तिला मोरीवर नेलं, साबण लावला आणि एक एक बांगडी माझ्या हाताने काढली, एकही पिचू दिली नाही. देवघराच्या खुंटीला अडकवल्यात. काम झालं की घालते, कामाला लागली की काढते. कमळाबाई म्हणाली, "सुनेचे हात मोकळे केलेत म्हणे?" मी म्हटलं, "हो, कामाला मोकळे केले, तुझे कधी होतात बघू."

मग रोज दुपारी तेच. आधी खालचा सांगाडा पाणसळ लावून सरळ केला आणि जमिनीत बोल्टने आवळला, हलणारं मशीन म्हणजे पिसाळलेला बैल असं दत्तू म्हणतो. वरचं चाक चढवायला नाथाला बोलावलं. नवीन ब्लेड आणलं ते वेटोळं घालून बांधलेलं. ते सोडताना दत्तूने मला उंबऱ्यापलीकडे हाकललं आणि सरिताला जाड हातमोजे घालायला लावले. मशीन चालू असताना मात्र हातमोजा घालायचा नाही, चिंधीसकट हात ओढतं म्हणे. तार कापली आणि ते ब्लेड फणकन उघडलं. नाथाने अशी उडी मारली! दत्तू म्हणाला, "जन्म लाकडात गेला आणि उडी बघा शाळकरी पोरीसारखी." नाथा म्हणतो, "शेठ, ब्लेड वय नाय बघत." दत्तू हसला का? ओठ हलले एवढं मी पाहिलं.

तुला हे सगळं येतं, तुला मी काय शिकवणार. शाळेतून आलीस की तू पप्पांच्या हाताखाली उभी राहायचीस आणि पोळपाटाचे गोल कापायचीस, गल्लीतल्या निम्म्या घरांत तू कापलेले पोळपाट आहेत. पण मला नवीन आहे, म्हणून कौतुक. दाते खाली तोंड करून, टेबलाकडे. मग वरच्या मुठीने ताण द्यायचा, मग वरचं चाक हाताने गोल गोल फिरवून बघायचं की ब्लेड चाकाच्या मधोमध पळतंय की कडेला सरकतंय. सरकलं की मागचा स्क्रू जरासा. पुन्हा फिरवायचं. सरिता एवढी सावकाश फिरवायची की मला शेजारी बसून डुलकी लागायची. मग ब्लेडच्या दोन्ही बाजूंचे गाईड, त्यांच्यात आणि ब्लेडमध्ये कागद जाईल एवढीच फट. मग टेबलाला गुण्या लावून काटकोन. आणि शेवटी गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, लाकडाच्या अगदी वर, बोटभर, त्याहून उंच नाही. "बोटभर" म्हणाला आणि उजवा हात पाठीमागे नेला. सरिताने तिचं बोट लावून मोजलं आणि गार्ड आवळला.

मला आनंद झालाय, खरंच झालाय, नाहीतर या वयात एवढी पानं कोण लिहितं? पण तो अजून आतपर्यंत पोचलेला नाही गं. गार पडलेल्या हातात गरम कप धरला तरी लगेच चटका कळत नाही, तसं काहीसं. पोचेल म्हणते.

आता सोमवारचं. मशीनच्या चाकांवरची दारं लावून झाली, कड्या घातल्या, सगळं झालं. फक्त माझ्याकडून फ्यूज घ्यायचे आणि रिकामं चालवून बघायचं. सरिता माझ्याकडे बघतेय, नाथा मेनपाशी जाऊन उभा. मी बटवा सोडला. दत्तू मशीनकडे तोंड करून उभा होता, तसाच बोलायला लागला. म्हणाला, "हर्षूने मेन वर केला त्यात तिचं काय होतं? नळाला पाणी आलं होतं. मोटर लावायची तर मेन वर करायलाच लागायचा. मी आत ब्लेड बदलतोय हे तिला कसं दिसणार? मीच लाल बटण न दाबता नुसता मेन पाडून बसलो होतो. लाईट गेली की, जेवायला उठलं की, आपण कायम मेनच पाडत आलो. बटण चालूच होतं." एवढ्या दिवसांत या घरात तुझं नाव आणि तो मेन एका वाक्यात कुणी आणला नव्हता, हर्षाली. तू पण नाही, मी पण नाही. आम्हाला वाटायचं बोललं नाही तर तुला लागणार नाही. तू पिंपळगावात बसून काय समजत होतीस ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी बटवा मुठीत आवळला तशी आतले फ्यूज एकमेकांवर वाजले. मग तो म्हणाला, "ठेव ते परत, आई. ती आल्यावर तिच्या हातात दे. मेन तीच वर करील." आणि मंगळवारी वायरमनला आणून पाण्याच्या मोटरची लाईन शेडमधून काढली, घरात वेगळं बटण दिलं. आता पाण्यासाठी कुणाला त्या मेनला हात लावायला लागणार नाही, आणि फ्यूज माझ्याकडे आल्यापासून आम्ही बादलीने पाणी भरत होतो तेही सुटलं.

म्हणून हे पत्र. रविवारी तुम्हाला सुट्टी असते, नाथाकडून काढून घेतलंय. खोलीवर तू ताट उपडं घालून पोळ्या लाटतेस हेही त्यानेच सांगितलं, ते दत्तूने ऐकलं. शिसवीची एक फळी काढून ठेवलीय त्याने, त्यावर पेन्सिलीने डाव्या हाताने गोल आखलाय. जरा चेपका आलाय. मी म्हटलं, अरे पुसून नीट काढ. म्हणाला, "राहू दे. ती कापताना बरोबर करील." तेव्हा ये. बांगडी घालून आलीस तर साबण तयार आहे. मम्मीने खालचं दार, वरचं दार, गार्ड, सगळं पुन्हा पुन्हा बघितलंय, लाल बटण दाबलेलं आहे, मी स्वतः हात लावून पाहिलं. तू मेन वर करशील तेव्हा काही हलणार नाही, फक्त शेडमधला दिवा लागेल. एवढंच आधी बघ. पुढचं मग बघू.

रविवारची वाट बघत, कुणी मागितलं तरी बटवा न सोडणारी,

तुझीच,
आजी