तबकडी माझी, वल्हे वन्संचे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, कागद गिरणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलसाहेबांनी सांगितले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणणारा या घरात टिकलाच नसता.

कलम एक. घरातला माझा अर्धा हिस्सा मुलाला. उरलेला अर्धा माझ्या नणंदेचा, म्हणजे वन्संचा आहेच. माझ्या खिडकीतली खुर्ची मुलाने हलवू नये. मी झोपले आहे असे समजून वन्सं तिथे सकाळच्या उन्हाला येऊन बसतात. मी डोळे मिटून पडून राहते.

कलम दोन. बँकेतली शिल्लक मुलगा व सून यांना समसमान. पाटल्या मात्र एकट्या सुनेला. "त्यांना सांग", "यांना विचार" असे आम्हा दोघींचे निरोप वाहून तिचे पाय झिजले.

कलम तीन. कागदाची जाडी मोजायचे माझे यंत्र मुलाला. या दोघींचा समेट घडवा म्हणून सून कानीकपाळी ओरडली, तरी हा ढिम्म. त्याने ते स्वतःच्या कातडीला लावून पाहावे.

कलम चार. लगदामापकाची तबकडी वन्संना. याची हकीकत लिहिणे भाग आहे.

पूर्वी गिरणीत लगद्याचा दाटपणा हौदात हात घालून अंदाजाने ठरवत. अंदाज चुकला की कागद कधी पुठ्ठा, कधी जाळी. वन्संही तिथेच हौदावर कामाला होत्या. एकदा घरी कपड्यांची खळ ढवळताना वन्संनी कुरकुर केली, की दाट होत चालली की हात भरून येतो. मी म्हटले, मग हाताचे दुखणेच मोजू. लगद्यात फिरणारे वल्हे त्यांनी बनवले. ते किती अडते हे दाखवणारी सुईची तबकडी मी. मी आकडा ओरडायचे, त्या हौदाशी उभ्या राहून पाणी सोडायच्या. यंत्रांच्या घरघरीवरही आमचा आवाज फाटकापर्यंत जायचा.

मग नवा सेन्सर आला आणि गिरणीने आमचे यंत्र परत दिले. ते कोणाच्या खोलीत ठेवायचे यावरून ठिणगी पडली. शोध कुरकुरीचा की तबकडीचा? दोघीही हट्टाला पेटलो. वल्हे त्यांनी नेले, तबकडी मी, आणि तेव्हापासून अबोला. भिंतीपलीकडे असल्या तरी मला त्यांची फार आठवण येते. निदान मी गेल्यावर तरी यंत्र पुरे व्हावे.

कलम पाच, आत्ताच घातलेले. साक्षीला डॉक्टर आले. दुसरा साक्षीदार हवा, तर सून कोणाला न विचारता वन्संनाच घेऊन आली. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. वन्संनी चष्मा लावून कलम चार दोनदा वाचले आणि उठून गेल्या. मला वाटले, संपले. त्या वल्हे घेऊन परत आल्या.

"वहिनी, तुम्ही गेल्यावर तबकडी घेऊन मी काय करू?" त्या म्हणाल्या. "आकडा कोण ओरडणार?"

सबब कलम चार रद्द. तबकडी मी जिवंतपणीच त्यांच्या हातात दिली आहे. शोध कोणाचा हा वाद मी माझ्याकडेच ठेवते.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिले: डॉक्टर. डोके तपासले, ठिकाणावर आहे.

साक्षीदार दुसऱ्या: नणंद. मृत्युपत्रातून काहीही मिळणार नसल्याने पात्र.

दिनांक: महिन्याचा दुसरा सोमवार.

ठिकाण: स्वयंपाकघर. शेगडीवर खळ आहे, पातेल्यात वल्हे आहे, आणि मी आकडा ओरडते आहे.